अपील दादानं काढून घेतलं, मग बहिणींच्या वाट्याचं काय?

कोर्टाच्या व्हरांड्यात दुपारच्या सुट्टीनंतर एक मावशी भेटल्या. हातात कापडाच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात चार घड्या घातलेली अपिलाची नोटीस. म्हणाल्या, "साहेब, दादा अपील काढून घेतोय म्हणतात. त्याचं अपील, त्यानं काढावं. पण आमचा वाटा त्यातच होता ना?"

वाटणीचे दावे चालवणाऱ्या कुठल्याही वकिलाला हा प्रश्न वर्षातून दोनदा तरी ऐकावा लागतो, आणि बहुतेक वेळा उशिरा. खालच्या कोर्टात निकाल विरुद्ध जातो, घरातला एक जण अपील करतो, बाकीचे "दादा बघतोय" म्हणून निवांत राहतात. मग एक दिवस दादा बघायचं थांबवतो. अशा वेळी बाकीच्यांना दादाच्या जागेवर बसून तेच अपील पुढे चालवता येतं का? येतं, पण सरसकट नाही. कोणाला, कशासाठी आणि कधीपर्यंत, ते समजून घेऊ.

आधी कोर्टातली नाती

दावा लावणारा तो वादी, ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी. निकालानंतर कोर्ट जो अंमलात आणण्याजोगा कागद काढतं तो हुकूमनामा. हुकूमनाम्यावर नाराज होऊन वरच्या कोर्टात जाणारा तो अपीलकर्ता, आणि त्या अपिलात ज्यांना पक्षकार केलं ते सगळे उत्तरवादी. आणखी एक शब्द लागेल, पुरशीस. पक्षकाराने कोर्टाला दिलेलं दोन-चार ओळींचं लेखी निवेदन म्हणजे पुरशीस. "मला अपील पुढे चालवायचे नाही, सबब काढून घेण्याची परवानगी मिळावी," एवढं लिहून खाली सही केली की झालं. वीस वर्षांचं भांडण अर्ध्या पानात संपतं.

लोकांचा घोटाळा होतो तो 'उत्तरवादी' या शब्दापाशी. नाव वाचून वाटतं, हा अपीलकर्त्याच्या विरुद्ध बाजूचा. नेहमी तसं नसतं. दोन माणसांच्या उसनवारीच्या दाव्यात तसं असतं. घरच्या वाटणीत पाच-सात जण असतात आणि दावा लावणारा एकच असतो. बाकीच्या सगळ्यांना प्रतिवादी करावंच लागतं, कारण सर्व हिस्सेदार समोर असल्याशिवाय वाटणी होत नाही. त्यात खरा विरोधक एखादाच. बाकीचे वादीच्याच बाजूचे, फक्त नाव पलीकडच्या रांगेत. वकील त्यांना 'प्रोफॉर्मा' म्हणतात, म्हणजे रीत म्हणून जोडलेले. मावशी तशा होत्या.

सहा एकरांचा हिशोब

मावशींच्या घरचे आकडे वेगळे होते. इथे हिशोब सोपा व्हावा म्हणून बदलतो. समजा वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली सहा एकर जमीन. आई आधीच गेलेली. मागे चार भावंडं: थोरला, धाकटा आणि दोन बहिणी. धाकट्याने मृत्युपत्र पुढे केलं की वडिलांनी विहिरीजवळची दोन एकर मला एकट्याला दिली. थोरला म्हणाला, मृत्युपत्र खोटं आहे. त्याने वाटणीचा दावा लावला. बहिणींनीही आपल्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, तेच लिहून दिलं आणि आपापला हिस्सा मागितला.

खालच्या कोर्टाने मृत्युपत्र खरं धरलं. मग दोन एकर धाकट्याचे आणि उरलेले चार एकर चौघांत, म्हणजे प्रत्येकी 40 गुंठे. धाकट्याकडे एकूण 120 गुंठे गेले. मृत्युपत्र खोटं ठरलं असतं तर चौघांना समान, प्रत्येकी 60 गुंठे मिळाले असते.

थोरला अपिलात गेला. उत्तरवादी क्रमांक 1 धाकटा, 2 आणि 3 बहिणी. बहिणींनी वेगळं अपील केलं नाही. कशाला करतील? मुद्दा एकच, मृत्युपत्र. कोर्ट फी, वकील, नकला, सगळं दोनदा कशाला? दादाचं अपील मान्य झालं तर आपलेही 20-20 गुंठे वाढणार होते.

तीन वर्षांनी धाकट्याने थोरल्याला 20 गुंठे देऊ केले. थोरल्याला जे जिंकून मिळालं असतं तेच न जिंकता मिळालं. धाकट्याचा फायदा त्याहून मोठा, कारण हरला असता तर त्याचे 60 गुंठे गेले असते, इथे 20 मध्ये भागलं. तोटा फक्त त्यांचा, ज्यांना बोलणीत कोणी बोलावलंच नव्हतं. दोघी बहिणी 40 वरच राहिल्या. आणि थोरल्याने पुरशीस दिली.

मीटर एकाच्या नावावर, पाणी सगळ्यांचं

गावाकडच्या माणसाला हे सामाईक विहिरीवरून चटकन कळतं. विहीर चौघांची, पाण्याच्या पाळ्या चौघांच्या, पण मोटारीचं वीज कनेक्शन थोरल्याच्या नावावर. एक दिवस तो वीज कार्यालयात जाऊन सांगतो, माझं कनेक्शन बंद करा. कनेक्शन त्याचं आहे, त्याला जबरदस्तीने चालू ठेवायला कोण लावणार? पण बाकीच्यांची उभी पिकं आहेत. त्यांच्यापुढे दोन वाटा. एक, नव्या कनेक्शनचा अर्ज करून रांगेत मागे उभं राहायचं. दुसरी, कनेक्शन तुटायच्या आत म्हणायचं: तोडू नका, नाव बदलून आमच्या नावावर करा, बिल आम्ही भरतो.

नवीन कनेक्शन म्हणजे स्वतःचं वेगळं अपील. नावबदल म्हणजे आजचा आपला विषय. वकिलांच्या बोलीत त्याला ट्रान्सपोझिशन म्हणतात, आपण 'जागाबदल' म्हणू. उत्तरवादीला उचलून अपीलकर्त्याच्या खुर्चीत बसवायचं आणि मूळ अपीलकर्त्याला उत्तरवाद्यांच्या रांगेत. अपील तेच, नंबर तोच, पुरावा तोच, बसायच्या जागा तेवढ्या बदलल्या.

कायद्यात हे कुठे आहे

दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 ची. तिच्यातल्या 'आदेश' म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, नियमांचं एक प्रकरण. तिचा आदेश 23 दावा काढून घेण्याबद्दल आहे. 1976 च्या मोठ्या दुरुस्तीत तिथे नियम 1-अ घातला गेला आणि 1 फेब्रुवारी 1977 पासून तो लागू झाला. त्याचा आशय असा: वादीने दावा काढून घेतला किंवा सोडून दिला, आणि एखाद्या प्रतिवादीने 'मला वादी करा' असा अर्ज दिला, तर कोर्टाने हे लक्षात घ्यावं की या अर्जदाराचा इतर प्रतिवादींपैकी कोणाविरुद्ध महत्त्वाचा प्रश्न निर्णयासाठी शिल्लक आहे का.

सगळी कसोटी त्या एका वाक्यात आहे. वादीशी तुमचं काय बिनसलं याला तिथे महत्त्व नाही. उरलेल्यांपैकी कोणाशी तुमचा खरा वाद बाकी आहे, ते सांगा. बहिणींचा आहे: धाकट्याशी, मृत्युपत्रावरून, प्रत्येकी 20 गुंठ्यांचा. दादाने फसवलं ही त्यांची तक्रार मनाला पटणारी असली तरी अर्जाचा पाया ती नाही. मी असे अर्ज पाहिलेत ज्यात तीन पानं दादाच्या विश्वासघाताची आणि मृत्युपत्राबद्दल एक ओळ. पानं उलटी वाटून घ्यायला हवी होती.

नियम 1976 चा असला तरी कल्पना जुनी आहे. पक्षकार जोडण्या-वगळण्याचा अधिकार आदेश 1 च्या नियम 10 मध्ये पहिल्यापासून आहे. त्याच्याच आधाराने 1931 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाने, बंगालमधल्या एका प्रकरणात म्हटलं होतं की सगळ्या प्रश्नांचा एकदाच पुरता निकाल लागावा आणि एकाच भांडणाचे चार खटले होऊ नयेत, यासाठी गरज असेल तिथे कोर्टाने जागाबदल करावा. अलीकडे, 2019 मध्ये, तामिळनाडूतून आलेल्या एका मालमत्तेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर जवळपास आपल्यासारखीच गोष्ट होती. वादीने काही प्रतिवादींशी तडजोड करून दावा काढून घ्यायचं ठरवलं, आणि ज्यांचं हित वादीसारखंच होतं ते उरलेले प्रतिवादी म्हणाले, आम्हाला वादी करा. सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं.

पण हा नियम दाव्याचा, अपिलाचं काय?

शंका रास्त आहे. नियम 1-अ मध्ये 'वादी', 'प्रतिवादी', 'दावा' असे शब्द आहेत, अपिलाचं नाव नाही. इथे संहितेचं कलम 107 मदतीला येतं. त्यानुसार मूळ दावा चालवणाऱ्या कोर्टाला जे अधिकार आहेत, जवळजवळ तेच अपील कोर्टालाही असतात. दावा काढून घेण्याचे नियम अपिलाला लागू होतात ते याच पुलावरून. आणि काढून घेण्याचा नियम पूल ओलांडून आला, तर त्याच्याशी जोडलेला जागाबदलाचा नियम पलीकडच्या काठावर सोडून येणार नाही. म्हणून जिल्हा न्यायालयात, उच्च न्यायालयात असे अर्ज होतात आणि गुण बघून मंजूर-नामंजूर होतात.

फरक एकच, पण मोठा. दाव्यात अजून निकाल लागलेला नसतो. अपिलात एक निकाल आधीच लागलेला असतो, कोणीतरी जिंकलेलं असतं, आणि जिंकलेल्याचा त्या निकालावर हक्क बसलेला असतो. त्यामुळे अपिलातल्या जागाबदलाकडे कोर्ट जास्त बारकाईने बघतं.

"अपील माझं, मी काढीन, मध्ये हे कोण?"

थोरल्याचं हे म्हणणं अर्धं बरोबर आहे. बिनशर्त अपील काढून घ्यायचा अपीलकर्त्याला हक्क आहे, आणि त्याला लढतच राहा असं कोर्ट सांगू शकत नाही. 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निवडणूक अपिलात हे स्पष्ट केलं आहे. पण जागाबदल त्याला लढायला लावतच नाही. तो मोकळा होतो. गाडीतून उतरायचा हक्क आहे, उतरताना किल्ली विहिरीत टाकायचा नाही.

शिवाय वाटणीचे दावे या बाबतीत वेगळे मानले जातात. वाटणीत प्रत्येक पक्षकार एकाच वेळी वादीही असतो आणि प्रतिवादीही, कारण प्रत्येक जण आपला हिस्सा मागतोय आणि दुसऱ्याच्या हिश्शाला उत्तर देतोय. त्यात प्राथमिक हुकूमनामा झालेला असेल, म्हणजे कोणाचा किती हिस्सा हे ठरलेलं असेल, तर एकट्या वादीला सगळ्यांचा दावा गुंडाळून घरी नेता येत नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे.

याच आदेशातली आणखी एक ओळ माहीत असावी. वादी एकाहून जास्त असतील तर एकाने दुसऱ्यांच्या संमतीशिवाय दावा काढून घ्यायला कोर्ट परवानगी देऊ शकत नाही. बहिणी पहिल्या दिवसापासून अपीलकर्ता क्रमांक 2 आणि 3 असत्या, तर हा लेख लिहायचं कारणच नव्हतं. वकीलपत्रावर दोन सह्या जास्त लागल्या असत्या.

"मुदत संपल्यावर मागच्या दाराने आत?"

धाकट्याच्या वकिलाची ही सर्वांत जड हरकत. हुकूमनाम्यापासून जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस असतात, उच्च न्यायालयात 90. हुकूमनाम्याची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात. थोरल्याने मुदतीत अपील केलं. बहिणींनी केलंच नाही. मग त्यांच्यापुरता निकाल अंतिम झाला, आणि आता तीन वर्षांनी दादाच्या खुर्चीत बसवून त्यांना मुदतीत आणायचं, हे कसं?

याला बहिणींकडून दोन उत्तरं दिली जातात. एक, 1963 च्या मुदतीच्या कायद्याचं कलम 21. नव्याने जोडलेल्या पक्षकाराबाबत दावा त्या दिवशी लागला असं धरतात, पण वादीला प्रतिवादी किंवा प्रतिवादीला वादी केलं असेल तर तो नियम लावायचा नाही, असं हे कलम सांगतं. माणूस नवा नाही, पहिल्यापासून घरातच होता, खोली तेवढी बदलली. अडचण एवढीच की कलम शब्दशः दाव्याबद्दल बोलतं. समोरचा वकील लगेच म्हणतो, अपिलाचा उल्लेख दाखवा. ही चकमक खरोखर होते आणि तिचा निकाल प्रत्येक वेळी एकाच बाजूने लागत नाही.

दुसरं उत्तर मला जास्त वजनदार वाटतं. आदेश 41 च्या नियम 33 मध्ये अपील कोर्टाला एक लांब हात दिलेला आहे. ज्याने अपील केलेलं नाही अशा पक्षकाराच्या बाजूनेसुद्धा कोर्ट योग्य तो हुकूम करू शकतं. याचं आपल्याकडचं उदाहरण गोंदियाचं. तिथल्या रुग्णालयाच्या बांधकामाचे पैसे मिळावेत म्हणून एका ठेकेदाराने दावा लावला होता. खालच्या कोर्टाने पैसे सरकारने द्यावेत असं ठरवलं आणि बाकीच्या प्रतिवादींना सोडलं. ठेकेदाराला पैसे मिळणार होते, तो कशाला अपील करेल? सरकारने केलं, आणि उच्च न्यायालयाने सरकारलाही सोडलं. ठेकेदार दोन्हीकडून गेला. 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशा वेळीच नियम 33 वापरायचा असतो, ठेकेदाराने वेगळं अपील केलं नव्हतं एवढ्याने हात आखडायचा नसतो.

म्हणजे बहिणींनी अपील केलं नव्हतं तरी दादाच्या अपिलात त्यांना न्याय मिळायची वाट कायद्यातच होती. ती वाट धरून त्या बसल्या, यात आळस शोधायचा की समजूतदारपणा, हा खरा प्रश्न आहे. पण नियम 33 चा हात अपील जिवंत असेपर्यंतच लांब असतो. अपील निकाली निघालं की कोर्टाकडे ना अपील उरतं, ना हात. म्हणूनच पुरशिशीचा दिवस इतका महत्त्वाचा.

माझं मत विचाराल तर जागाबदल मुदतीवरचा रामबाण नव्हे. ज्या उत्तरवादीचा मुद्दा अपीलकर्त्याच्या मुद्द्याशी एकजीव आहे त्याला तो मिळायला हवा. ज्याचं गाऱ्हाणं वेगळंच होतं, जे मूळ अपिलात कधी नव्हतंच, त्याने या गाडीत चढायचा हट्ट करू नये. समजा एका बहिणीला आता गावठाणातल्या घराचीही वाटणी हवी आहे, जी दादाने अपिलात मागितलीच नव्हती. तिच्यासाठी हा दरवाजा नाही.

"क्रॉस ऑब्जेक्शन का नाही दिलं?"

हा प्रश्न कायदा थोडासा माहीत असलेले विचारतात. उत्तरवादीलाही निकालाचा काही भाग खटकत असेल तर तो अपिलाच्या नोटिशीपासून एक महिन्यात प्रतिआक्षेप, म्हणजे क्रॉस ऑब्जेक्शन देऊ शकतो. त्याची मोठी सोय अशी की मूळ अपील काढून घेतलं किंवा गैरहजेरीत फेटाळलं गेलं तरी प्रतिआक्षेप स्वतंत्रपणे ऐकला जातो. आदेश 41, नियम 22 मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. पण प्रतिआक्षेप मुख्यतः अपीलकर्त्याविरुद्ध असतो. दुसऱ्या उत्तरवादीविरुद्ध तो अपवादानेच चालतो. बहिणींचं भांडण दादाशी नव्हतंच, दुसऱ्या उत्तरवादीशी, धाकट्याशी होतं. देता आला असता, टिकला असता की नाही ते वादाचं.

"नवीन दावाच लावू की"

नको. अपील काढून घेतलं की खालच्या कोर्टाचा हुकूमनामा जसाच्या तसा उभा राहतो, आणि त्यात मृत्युपत्र खरं ठरलेलं आहे. त्याच लोकांमध्ये, त्याच मुद्द्यावर पुन्हा दावा लावला तर 'हे आधीच ठरलंय' म्हणून पहिल्याच पायरीवर अडतो. काढून घेतल्यानंतर पुन्हा दावा लावायची मुभा कोर्ट काही कारणांसाठी देऊ शकतं, पण ती काढून घेणाऱ्याने मागावी लागते. थोरला ती का मागेल?

पुरशिशीवर हुकूम झाला की नाही, आधी ते बघा

सगळ्यात जास्त घाई इथे करायची असते आणि सगळ्यात जास्त दिरंगाई इथेच होते. पुरशीस दाखल झाली की बहुतेक न्यायाधीश तिच्यावर इतर पक्षकारांचा 'से' मागवतात, म्हणजे त्यांचं म्हणणं. तो द्यायच्या तारखेला उत्तरवादी 2 आणि 3 चा वकीलच हजर नसेल तर रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत, 'से नाही' लागतं आणि 'अपील काढून घेतल्याने निकाली' हा हुकूम होतो.

हुकूम व्हायच्या आत जागाबदलाचा अर्ज दिलात तर कोर्टापुढे दोन कागद असतात, पुरशीस आणि अर्ज, आणि दोन्ही एकत्र ऐकावेत अशी विनंती करता येते. कोर्टालाही सोपं जातं: थोरल्याला जाऊ दे, अपील राहू दे.

हुकूम झाल्यावर गेलात तर चढ आहे. अपीलच शिल्लक नाही, जागा कुठली बदलायची? काही वकील नियम 1-अ चे 'दावा काढून घेतला असेल' हे शब्द दाखवून म्हणतात की काढून घेतल्यानंतरही अर्ज चालतो. शब्दांत त्याला जागा आहे. पण नुसता तेवढा अर्ज देऊन थांबणं धोक्याचं. सोबत आधीचा हुकूम मागे घ्यावा असा अर्ज द्यावा, विशेषतः तुम्हाला न कळवता, म्हणणं न ऐकता तो झाला असेल तर. आणि समांतर वाट म्हणून स्वतःचं अपील, उशीर माफ करण्याच्या अर्जासह. उशिराचं कारण खरं आणि पटणारं असतं: याच हुकूमनाम्यावर याच मुद्द्यावर अपील चालू होतं, आम्ही त्यात पक्षकार होतो, ते काढून घेतल्याचं अमुक दिवशी कळलं. त्या दिवसानंतर मात्र प्रत्येक दिवसाचा हिशोब द्यावा लागतो. कळल्यावर आणखी आठ महिने घरी बसलात तर सहानुभूती संपते.

आणखी एक गोष्ट निसटते, स्थगिती. अपिलात खालच्या हुकूमनाम्याला स्थगिती मिळालेली असेल तर ती अपिलाबरोबरच जाते. दुसऱ्या दिवशी धाकटा दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अंमलात आणण्याचा अर्ज, पुढे चालवायला मोकळा. शेतजमिनीची वाटणी प्रत्यक्षात जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, तिथून मोजणीची नोटीस आली की लोक जागे होतात. म्हणून जागाबदलाच्या अर्जातच 'स्थगिती चालू ठेवावी' ही ओळ हवी.

तारखा बघायला आता कोर्टात खेटे घालायला नकोत. प्रत्येक प्रकरणाला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि मागचे हुकूम दिसतात. मावशींच्या भाच्याने तिथेच पाहिलं होतं, म्हणून त्या वेळेत आल्या.

जागा बदलली, पुढे काय?

अपील जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालतं. नवा पुरावा आपोआप देता येत नाही. अपिलात जादा पुराव्याचे नियम कडक आहेत आणि खुर्ची बदलल्याने ते सैल होत नाहीत. मृत्युपत्राच्या साक्षीदारांच्या उलटतपासात थोरल्याच्या वकिलाने जे विचारलं, त्याच्यावरच बहिणींना लढायचंय. कोर्ट फीचा फरक निघाला तर भरावा लागतो.

थोरला उत्तरवादी होतो आणि त्याने लिहून दिलेलं त्याच्या अंगाला चिकटतं. बहिणी जिंकल्या तर "मलाही 60 गुंठे" म्हणत त्याला सहज परत येता येणार नाही, तडजोडीत काय लिहून दिलंय ते आधी बघितलं जाईल. त्याची तडजोड त्याच्या आणि धाकट्याच्या पुरती. ज्यांनी सही केली नाही त्या बहिणींचा हिस्सा तिने कमी होत नाही.

आणि जागा मिळाली म्हणजे अपील जिंकलं असं नाही. मृत्युपत्र दुसऱ्यांदाही खरं ठरू शकतं. तसं झालं तर या वेळचा खर्च बहिणींच्या अंगावर.

मावशींच्या प्रकरणात पुरशिशीवर से मागवला होता आणि तारीख चार दिवसांवर होती. धाकटी बहीण इंदूरला, तिची सही यायला तीन दिवस गेले. अर्ज, शपथपत्र, वकीलपत्र असे तीन कागद टाइप करून पुढे ठेवले. मावशींनी सही करायला पेन टेकवलं आणि थांबल्या. "साहेब, इथं अजून उत्तरवादी नंबर दोनच लिहिलंय."

हुकूम होईपर्यंत तेच लिहावं लागतं, म्हटलं. त्यांनी वर एकदा नीट वाचलं आणि सही केली.